पॅलिओ आहारात भाकरी-वरण सोडावे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असल्यास तो इथेच लक्षात येईल. तुमचे वय ३६, उंची १७१ सेंटिमीटर आणि नोकरी दिवसभर संगणकापुढे बसण्याची. कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१ टक्के आली आणि त्या धास्तीने तुम्ही पॅलिओ, म्हणजे आदिमानवाच्या धर्तीचा आहार सुरू केलात. सात आठवड्यांपासून पोळी, भाकरी, भात, सर्व डाळी व कडधान्ये, दूध-दही, साखर आणि पाकिटातले पदार्थ बंद आहेत; नेहमीचे मीठही बंद करून तुम्ही चिमूटभर सैंधवावर भागवता. गुरुवार-शनिवार सोडून रोज चिकन, चार-पाच अंडी, भाज्या, फळे आणि दोन मुठी बदाम-काजू चालतात. वजन ८८ वरून साडेब्याऐंशीवर आले. परंतु पोट साफ होत नाही, दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, किराणा दुप्पट झाला आहे आणि ‘तुझे आजोबा भाकरी खाऊनच ८८ वर्षे जगले’ असे आई रोज ऐकवतात. मानवी शरीर धान्यासाठी घडलेलेच नाही हे खरे आहे का, आणि हा आहार पुढे चालू ठेवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. धान्य माणसासाठी आहे की नाही हा लाखो वर्षांच्या इतिहासाचा प्रश्न आहे, आणि उद्या दुपारी तुमच्या ताटात काय असावे हा तुमच्या रक्ताच्या अहवालाचा प्रश्न आहे. पहिल्याचा निकाल लागला की दुसऱ्याचा आपोआप लागतो, अशा समजुतीने बरीच मंडळी माझ्याकडे येतात. मी २३ वर्षे आहारसल्ल्याचे काम करते आहे, आणि माझा अनुभव असा की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रुग्णाच्या जुन्या, आता सोडलेल्या खाण्यात सापडते. शिवाय तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टींवरही ते अवलंबून राहील: तुम्ही मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध घेता का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) आणि युरिक ॲसिड किती आहे, आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का. औषधाचा उल्लेख नसल्यामुळे ते चालू नाही असे धरून मी लिहिते आहे. तसे नसेल, तर खालचा औषधांविषयीचा परिच्छेद आधी वाचावा.

ही कल्पना वाटते तितकी पुरातन नाही. वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने १९७५ मध्ये अश्मयुगीन आहारावर पुस्तक लिहिले, परंतु वैद्यकीय वर्तुळात तिला प्रतिष्ठा मिळाली ती १९८५ मध्ये एस. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. माणसाच्या घडणीची जवळजवळ पंचवीस लाख वर्षे शिकार, मासे, कंदमुळे, फळे आणि बिया यांवर गेली. शेतीला फार तर दहा-बारा हजार वर्षे झाली. इतक्या अल्पावधीत शरीर बदलू शकलेले नाही आणि आजचे मधुमेह-हृदयविकार हे या न जुळलेल्या जोडीचे फळ आहे. हा युक्तिवाद मला हास्यास्पद मुळीच वाटत नाही. दिवसभर खुर्चीत बसून साखर आणि मैदा खाणारे शरीर निसर्गाने कल्पिलेले नव्हते, एवढे तर मान्य करायलाच हवे.

अडचण येते ती ‘आदिमानवाचा आहार’ या एकवचनात. कलहारी वाळवंटातील कुंग लोकांचा रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या अन्नाचा मोठा भाग वनस्पतींचा आणि त्यातही मोंगोंगो नावाच्या फळातील बियांचा निघाला. आर्क्टिकमधील इनुइट मात्र सील, व्हेल आणि मासे यांवर जगत आले, आणि टांझानियातील हाड्झा लोकांच्या खाण्यात मधाचा वाटा चांगलाच मोठा आहे. जिथे जे मिळेल ते खाण्याची क्षमता हेच माणसाचे वैशिष्ट्य होते. धान्याचे म्हणाल, तर गालील सरोवराच्या काठी ओहालो येथे २३ हजार वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी सातू व गहू सापडले आहेत आणि ते दळण्याचा दगडही सापडला आहे. मोझांबिकमधील एका गुहेत सुमारे १ लाख ५ हजार वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीचे पिष्टकण आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते दाणे पोटात जात होते की गवत अन्य कामासाठी आणले जात होते, याबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद आहे, आणि मूठभर रानटी दाणे म्हणजे रोजच्या चार पोळ्या नव्हेत हेही खरे. तरीही ज्वारीशी माणसाची ओळख शेतीच्या कितीतरी आधीची असण्याची शक्यता आहे, ही गोष्ट आईंना सांगायला हरकत नाही.

शरीर शेतीनंतर बदललेच नाही, हेही बरोबर नाही. गुरे पाळणाऱ्या समाजांत मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता गेल्या काही हजार वर्षांत पसरली. आपल्या देशात ती वायव्येकडे अधिक आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळते. म्हणूनच एकाला दुधाचा पेला काही करत नाही आणि दुसऱ्याचे पोट तासाभरात फुगते. पिष्ट पचवणारा लाळेतील विकर, अमायलेज, बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-अधिक असतात आणि पिष्टमय अन्नाची परंपरा असलेल्या समाजांत त्या सरासरीने जास्त असल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे ‘माणसाला दूध चालते का’ या प्रश्नाला अर्थ नाही. तुम्हाला चालते का, एवढेच विचारता येते, आणि ते दोन आठवडे दही खाऊन कळते.

आणखी एक गंमत सांगते. तुमच्या आजच्या ताटात आदिमानवाने ओळखले असते असे फारसे काही नाही. फुलकोबी, कोबी आणि नवलकोल या माणसाने एकाच रानटी वनस्पतीतून निवडून निवडून घडवलेल्या भाज्या आहेत. रानटी बदाम कडू आणि विषारी असतो. सहा आठवड्यांत वाढवलेल्या ब्रॉयलर कोंबडीचा रानकोंबडीशी संबंध नावापुरता उरला आहे. काजू तर पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. शेतीपूर्व अन्नाची आठवण आपल्या परंपरेत खरोखर कुठे टिकली असेल, तर ती ऋषिपंचमीत. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून नांगरटीशिवाय आलेला देवभात आणि अळू, माठ, सुरण, पडवळ यांची ऋषीची भाजी होते. त्याच भाजीत आपण आज आवर्जून घालतो ते मक्याचे कणीस, लाल भोपळा आणि रताळे मात्र अमेरिका खंडातून आलेले. परंपरेनेही जे मिळाले ते सामावून घेतले आणि भाजी उत्तम होते.

पॅलिओवाद्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. शेतीचा स्वीकार केल्यानंतर जगातील अनेक ठिकाणच्या सांगाड्यांत उंची घटलेली आणि दात किडलेले दिसतात. एका-दोन धान्यांवर सगळी भिस्त ठेवण्याची ती किंमत होती. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातले शेतकरी सातू मुख्यत्वे पिकवत होते आणि जोडीला मसूर-कुळीथ, पाळीव जनावरे, हरणे, मासे असे सारेच खात होते. नऊशे वर्षे टिकलेल्या वस्तीचे ताट एवढे मिश्र होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आणि ‘आदिमानव तिशीतच मरत, मग त्यांचे कशाला ऐकायचे’ हा पॅलिओच्या विरोधकांचा लाडका मुद्दाही तितकाच कच्चा आहे, कारण ती सरासरी बालमृत्यूंमुळे खाली येते. आजच्या शिकारी-संकलक समाजांत वयात आलेली माणसे साठी-सत्तरी गाठताना दिसतात.

इतिहास इथे पुरे; आता तुमच्या अहवालाकडे येऊ. माझ्याकडे पॅलिओ करून आलेल्या प्रत्येकाला मी पहिली विनंती करते ती अशी: आहार बदलण्याच्या आदल्या आठवड्यातील एका कामाच्या दिवसाची आणि एका रविवारची नोंद आठवून लिहा, आणि त्यात चहासुद्धा सोडू नका. त्या कागदावर काय निघते हे आता मला न वाचताही सांगता येईल इतके ते ठरलेले असते. ऑफिसमध्ये चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर तिथेच. सोबत दोनदा बिस्किटे किंवा खारी. संध्याकाळी वडापाव किंवा सामोसा. घरी आल्यावर फरसाण चाखत जेवणाची वाट पाहणे. साडेनवाला तीन पोळ्या आणि त्यावर भात. शनिवारी बाहेरचे जेवण आणि आइस्क्रीम. पॅलिओने यातले सगळे एका फटक्यात बंद केले. वजन उतरले आणि साखरही उतरली, मात्र श्रेय मिळाले ते भाकरी सोडण्याला. खटला बिस्किटांवर चालायला हवा होता आणि शिक्षा झाली वरणाला.

तुमच्या साडेपाच किलोंतील सुरुवातीचे दीड-दोन किलो बहुधा पाणीच असावे, हेही ध्यानात ठेवा. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि पिष्ट बंद झाले की तो साठा व ते पाणी दोन्ही लवकर जातात. उरलेली घट खरी आहे आणि तुमच्या दृष्टीने मोलाची आहे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३० होता, तो आता २८ आहे. भारतीयांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. आपली शरीरे दिसायला बारीक असली तरी आतून चरबी अधिक बाळगतात, हे पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून जगापुढे आले. म्हणून आणखी आठ-दहा किलो कमी होणे हे तुमचे मुख्य उद्दिष्ट असावे. ते साधले, तर ६.१ चा आकडा खाली येण्याची चांगली शक्यता आहे.

आता आईंच्या बाजूचीही उलटतपासणी करू. भाकरी हे औषध नाही. भारतीय माणूस सरासरीने आपल्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट-शर्करेतून मिळवतो, असे आयसीएमआर-इंडिॲब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीतून दिसले आणि हे प्रमाण फार आहे. त्याच पाहणीच्या २०२५ मधील निष्कर्षांनुसार पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतल्याने, एकूण पिष्ट तेवढेच राहिल्यास, मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. पिष्टाचा काही भाग प्रथिनांनी भरून काढला, तर मात्र तो कमी दिसला. आजोबा भाकरी खाऊन ८८ वर्षे जगले हे मान्य, परंतु ते शेतात किती तास उभे असत हेही त्या वाक्यात यायला हवे. बोलिव्हियातील त्सिमाने लोक उष्मांकांचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग तांदूळ, केळी, कसावा आणि मका यांतून घेतात, आणि तरीही त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या जगात सर्वांत स्वच्छ असल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे पुरुष दिवसातले सहा-सात तास अंगमेहनतीत असतात. तुम्ही आजोबांइतके चालत नसाल, तर आजोबांइतक्या भाकऱ्याही तुम्हाला झेपणार नाहीत.

पॅलिओवर काळजीपूर्वक झालेले प्रयोग थोडे आहेत आणि बहुतेक लहान आहेत. त्यांतला मला सर्वांत उपयोगी वाटणारा स्वीडनमधील उमेओ येथील आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांचे दोन गट करून एका गटाला पॅलिओ आणि दुसऱ्याला तिथल्या अधिकृत शिफारशींप्रमाणे आहार दोन वर्षे दिला गेला. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी अधिक उतरली होती. दोन वर्षांनी मात्र दोन्ही गटांतला तो फरक उरला नव्हता. मी माझ्या टेबलापलीकडून हेच पाहत आले आहे. कडक पथ्य सहा महिने चालते, नंतर घरात लग्न निघते, गणपती येतात, आणि मोदक एकदा खाल्ला म्हणून ‘आता मोडलेच आहे’ असे म्हणत माणूस पार बिस्किटांपर्यंत परततो. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद तुमच्यासाठी अधिक निकडीची आहे: आयोडीनयुक्त मीठ आणि दूध दोन्ही बंद असल्यामुळे पॅलिओ गटात सहा महिन्यांतच आयोडीनची कमतरता दिसली. तुमच्याकडेही नेमकी तीच जोडी बंद आहे. सैंधवात उपयोगी पडेल इतके आयोडीन नसते. थायरॉइडला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि आपल्या देशात ते मुख्यतः मिठातूनच येते.

तुमच्या तक्रारींचा उलगडाही अवघड नाही. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण ५ ग्रॅम तंतू असतात. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि वरण मिळून दिवसाच्या ३० ग्रॅमपैकी निम्मी सोय होत असे. ती सारी काढून त्याजागी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि चिकन आले, तर पोट तक्रार करणारच. पोटऱ्यांतले गोळे आणि दुपारची मरगळ मला मिठाशी संबंधित वाटते. पिष्ट एकदम कमी केल्यावर इन्सुलिनची पातळी उतरते आणि मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात. त्याच वेळी तुम्ही मीठही जवळजवळ बंद केलेत. रक्तदाब नसेल, तर जेवणात नेहमीइतके मीठ परत आणून आठवडाभर पाहा. कॅल्शियमचा प्रश्न आज जाणवणार नाही, पण तो आहे. रोज १००० मिलिग्रॅम लागते, दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १२० असते, आणि दूध बंद करून मांदेली काट्यासकट, तीळ किंवा राजगिऱ्याची पाने रोज खाल्ली जात नसतील, तर तूट पडते. प्रथिनांची मात्र काळजी करू नका. तुमच्या वजनाला ६८ ग्रॅमच्या आसपास पुरतात आणि तुम्ही वर्णन केलेल्या खाण्यात त्याहून बरीच अधिक होतात.

डाळींमध्ये लेक्टिन आणि फायटेट अशी ‘विषे’ असतात म्हणून त्या वर्ज्य, हे तुम्ही कुठेतरी ऐकले असणार. कच्च्या राजम्यातले लेक्टिन खरोखरच उलट्या-जुलाब घडवते. म्हणूनच राजमा रात्रभर भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळून शिजवतात आणि शिजल्यावर ते निकामी होते. मटकी, हुलगे भिजवून मोड आणले की फायटेटही घटते. आपल्या आज्यांना ही नावे ठाऊक नव्हती, कृती ठाऊक होती. आणि रानातले अन्न निर्धोक असते हा तर शहरी माणसाचा गोड गैरसमज आहे. रायगडच्या डोंगरात कातकरी बाया कडुकंद खणून आणतात, तेव्हा त्याच्या पातळ चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, मग वाहत्या पाण्यात टोपलीत ठेवून त्याचा कडूपणा आणि विष काढावे लागते, तेव्हा कुठे तो तोंडात घालता येतो. पावसाच्या तोंडावर येणारी शेवळे काकडाच्या फळांशिवाय शिजवली, तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेणार नाही. मी एकदा घाईत तसे केले आहे आणि घरच्यांनी ते अजून विसरलेले नाही. अन्नावर संस्कार करून ते खाण्याजोगे करणे हीच तर माणसाची सर्वांत जुनी विद्या आहे, आणि भिजवलेली, शिजवलेली डाळ त्याच विद्येत मोडते.

औषधांविषयी मी कळकळीने सांगते. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतले एक गृहस्थ मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड गोळ्या चालू असताना, कोणालाही न विचारता धान्य पूर्ण बंद करून बसले आणि पाचव्या दिवशी सकाळी फिरताना घाम फुटून रस्त्याच्या कडेला कोसळले. बरोबरच्या मित्राच्या खिशात गोळी-चॉकलेट होते म्हणून निभावले. गोळीचा डोस ठरला होता तो रोजच्या पोळी-भाताच्या हिशेबाने; पोळी-भात गेला आणि गोळी तेवढीच राहिली. इन्सुलिन किंवा या गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय पिष्ट कमी करू नये. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या चालू असताना पिष्ट फार कमी केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळा धोका असतो. क्रिएटिनिन वाढलेले असेल, गाउट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल, मुतखड्याची प्रवृत्ती असेल किंवा गरोदरपण असेल, तर हा आहार स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचा नव्हे.

आता तुमच्या जागी मी काय करेन ते सांगते. पॅलिओने बंद केलेल्यांपैकी साखर, बिस्किटे, मैदा, फरसाण, तळण आणि गोड पेये बंदच ठेवीन. हा त्या आहाराचा खरा नफा आहे आणि तो सोडू नका. परत आणायच्या गोष्टींत आयोडीनयुक्त मीठ आजपासून, वाटीभर घट्ट वरण किंवा मोडाची उसळ या आठवड्यापासून, आणि पोट मानत असेल तर घरी विरजलेले दही त्याच्या पुढच्या आठवड्यापासून आणीन. दोन आठवड्यांनी जेवणात एक भाकरी, तीही पीठ वजन करून: स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५० ग्रॅम. माझ्याकडे येणारे ‘दोनच भाकऱ्या’ सांगतात तेव्हा मी घरून एक भाकरी आणायला सांगते, आणि एकदा एका ताईंच्या एकाच भाकरीत ११० ग्रॅम पीठ निघाले होते. ५० ग्रॅम पिठात सुमारे ३४ ग्रॅम पिष्ट आणि ५ ग्रॅम प्रथिने येतात. तेवढे दिवसातून दोनदा तुमच्यासारख्याला चालायला हवे, मात्र त्याच जेवणात भात नको. निम्मे ताट भाज्यांचे, त्यात आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी, आणि पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, करटोली मिळतील तेव्हा अवश्य. बदाम-काजू एका मुठीवर आणा, कारण दोन मुठींचे साडेतीनशे उष्मांक सहज होतात आणि किराण्याचे निम्मे दुखणेही तिथेच आहे.

अंडी आणि मासे-चिकन चालू ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. शाकाहारी पुणेकरांत बी-१२ ची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर आढळते आणि तुमच्या सात आठवड्यांनी त्या बाबतीत तुमचे भलेच केले असेल. गुरुवार-शनिवार तुम्ही मांसाहार करत नाही असे लिहिले आहे. त्या दिवशी सध्या फक्त फळे आणि सुकामेवा खाऊन तुम्ही राहता आणि रात्री भुकेने कासावीस होता. वरण, पनीर आणि दही परत आले की तो प्रश्नही संपतो. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा आणि बटाटा मात्र आणू नका; साबुदाणा तर धान्याहून अधिक निव्वळ पिष्ट आहे आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच झालेली नाही.

हे सर्व खाणे आईंच्याच स्वयंपाकातून निघू शकते, वेगळे बदामाचे पीठ आणि डबाबंद नारळाचे दूध मागवण्याची गरज नाही. त्यांना एवढेच सांगावे लागेल की भाकरी परत आली आहे, ती काट्यावर मोजून येईल आणि तिच्यासोबतचा भात गेला आहे. पहिल्या आठवड्यात त्या काट्याकडे संशयाने पाहतील. बहुतेक घरांत असेच होते.

एचबीएवनसी आताच पुन्हा करू नका. आहार बदलल्यापासून तीन महिने पूर्ण झाल्यावर ती करा आणि तेव्हाच टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड आणि चरबीची तपासणीही करून घ्या. आकडा ५.७ च्या खाली आला, तर हेच ताट चालू ठेवायचे. तो ६ च्या आसपासच राहिला, तर रात्रीची भाकरी कमी करून तिथे उसळ वाढवू आणि जेवणानंतरचे चालणे किती होते ते पाहू. तोवर जुन्या आठवड्यातल्या त्या दोन दिवसांची नोंद आणि घरच्या एका भाकरीच्या पिठाचे वजन मला लिहून कळवा. भाताबद्दल त्यानंतर बोलता येईल.